उपवासाच्या दिवशीची गोळी

सुमे,

मंगळवारी मी नेहमीसारखी तुझ्याआधी पोचले. आपले दोन्ही बेड लावलेले होते, डायलिसिसची दोन्ही मशीन सुरू होती, तू घरून आणलेला निळ्या फुलांचा अभ्रासुद्धा सिस्टरने तुझ्या उशीला चढवून ठेवला होता. माझ्या हातात सुया गेल्या, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं आणि मी दाराकडे डोळे लावून पडले. आज आपणच आधी बोलायचं, असं मी मेट्रोत बसल्या बसल्या ठरवून आले होते. आपला अबोला फार लांबला होता आणि मला त्याचा कंटाळा आला होता. फार मोठं काही बोलायचं नव्हतं. ‘काय गं, तोंडाला कुलूप लावलंयस का?’ एवढंच.

रीना सिस्टर आली, माझं ब्लडप्रेशर बघून गेली आणि लगेच परत आली. माझ्या सुयांच्या हातावर तिने आपला हात दाबून धरला आणि म्हणाली, "शीला आंटी, एक बात बतानी है. आप हाथ मत हिलाना."

मी हात हलवला नाही. तुझ्या नवऱ्याचा, अरविंदरावांचा, आत्ताच फोन आला होता, इकडे यायला निघताना तू दारातच कोसळलीस आणि सगळं तिथेच संपलं, असं तिने सांगितलं. मी तिला मराठीत विचारलं, "मग ती आज उशिरा येईल का?" त्या बिचारीला मराठी येत नाही. तिने नुसती मान हलवली. माझ्याही डोक्यात काही शिरलं नव्हतं. तू येशील, खुर्चीवर पिशवी आपटशील, एसी कमी करा म्हणून ओरडशील, हेच मला दिसत होतं.

मग कुणीतरी येऊन तुझं मशीन बंद केलं. तुझ्यासाठी सलाइन भरून ठेवलेल्या नळ्या काढून टाकल्या. सुमे, मला उठता येत नव्हतं. माझं रक्त बाहेर होतं आणि ते परत आत येईपर्यंत मला तिथेच, तुझ्या रिकाम्या बेडशेजारी पडून राहायचं होतं. एका हातात सुया, दुसऱ्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा. नाक पुसायचीसुद्धा सोय नव्हती. माणूस गेल्याचं ऐकल्यावर लोक धावतात, दार उघडतात, कुणाच्या तरी गळ्यात पडतात. मी छताकडे बघत पडून राहिले.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना कशाने गेलीस ते विचारलं. ते म्हणाले, हृदय थांबलं असावं. डायलिसिसला रविवार-सोमवारची मोठी सुट्टी पडते, त्यानंतरची सकाळ आपल्यासारख्यांना सगळ्यात वाईट असते. पोटॅशियमही वाढलं असेल, आता नक्की सांगता येणार नाही. मी म्हटलं, "और फॉस्फरस?" त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. पण तुझ्याबद्दल मला दुसरं काय विचारता येणार होतं? गेली दोन वर्षं आपण दुसरं बोललो काय?

तुझी-माझी ओळख झाली तीही सुईमुळे. तुझा पहिलाच दिवस होता, नवशिक्या टेक्निशियनने सुई वाकडी घातली आणि तू "आई गं! मेले!" म्हणून सगळा हॉल हलवलास. मी पलीकडून विचारलं, "तुम्ही मराठी?" तू वेदनेतसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मी पहाडगंजची, बाबा रेल्वेत, जन्म इथलाच, हे ऐकून तू म्हणालीस, "तरीच. तुमची मराठी हिंदीतून धुऊन काढल्यासारखी वाटते." मला राग आला होता. तू सांगलीची, मुलाच्या नोकरीमुळे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी फ्लॅटमध्ये येऊन पडलेली आणि पहिल्या दिवशी माझी मराठी तपासणारी. दुसऱ्या आठवड्यात तू मला ‘अगं’ म्हणायला लागलीस आणि तिसऱ्या आठवड्यात मी तुला ‘सुमे’. मी ख्रिश्चन आहे हे कळल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे नाताळचं फराळाचं ताट येणार आमच्याकडे. छान झालं, मला नाही तरी दिवाळीनंतर काहीच मिळत नाही." त्या नाताळात तू दोन करंज्या खाल्ल्यास आणि रात्रभर खाजवत बसलीस.

ती खाज. आपल्या शत्रूची ओळख आपल्याला खाजेतून झाली. किडन्या गेल्या की खाण्यातला फॉस्फरस रक्तात साचत जातो, मशीन तो सगळा ओढून काढू शकत नाही, आणि मग अंगाला अशी खाज सुटते की माणसाने कातडी काढून ठेवावी. दूध, डाळी, दाणे, पनीर, बाटलीतली काळी थंड पेयं, सगळ्यात तो बसलेला. तू लाटण्याने पाठ खाजवायचीस. मी म्हटलं, त्याच लाटण्याने पोळ्या करतेस का? तू म्हणालीस, "अरविंदरावांना अजून काही झालेलं नाही."

सुरुवातीला आपण दोघी एकाच गोळीवर होतो, कॅल्शियमच्या. जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे अन्नातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते आणि तसाच बाहेर नेते. मग तुझ्या पोटाचा एक्स-रे काढला. मोठी रक्तवाहिनी कडेने पांढरी दिसत होती, आपल्या गीझरमध्ये इथल्या पाण्याचा थर धरतो ना, तशी. डॉक्टर म्हणाले, हिला आता आणखी कॅल्शियम नको. तुला कॅल्शियम नसलेलं सेवेलामर दिलं. मलाही तेच दिलं, पण माझ्या पोटाने बंड केलं, मग मला लँथॅनम नावाच्या धातूची चावायची गोळी दिली. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुझ्या गोळ्या म्हणजे गोळ्या नव्हत्याच, पेरूएवढ्या होत्या असं तू सांगायचीस. त्या चावायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत, अख्ख्या गिळायच्या, आणि दिवसभराचं पाणी मोजून. एक घोट गोळीला दिला की तहानेला एक घोट कमी. तू दरवेळी डोळे मिटून, मान मागे टाकून ती ढकलायचीस. माझी गोळी पाण्याशिवाय चालायची, पण चव लहानपणी चोरून खाल्लेल्या पाटीवरच्या पेन्सिलीची. मी चावायला लागले की तू कानात बोटं घालायचीस. "कसला धातू खातेस गं? हाडात जाऊन बसेल!" मी म्हणायचे, "बसू दे, माझी हाडं तशीही रिकामीच आहेत." मग माझ्या पोटाचा एक्स-रे निघाला आणि त्यात आतड्यात जागोजागी पांढरे ठिपके. टेक्निशियन घाबरला. "आंटी, आपने कुछ निगल लिया क्या?" माझी गोळी एक्स-रेमध्ये दिसते, हे त्याला डॉक्टरांनी समजावलं. तुला मात्र तो दिवस पुरून उरला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला तू सांगत होतीस, "शीलाच्या पोटात चांदण्या आहेत."

आज मला ते आठवून हसू आलं आणि मी स्वतःलाच घाबरले. तू जाऊन आठवडा नाही झाला आणि मी हसते आहे. माझी मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, "मम्मा, क्या हुआ?" म्हणून. मी तिला म्हटलं, काही नाही, पोटात चांदण्या. तिला चांदण्या म्हणजे काय ते सांगावं लागलं. तू असतीस तर माझी खरडपट्टी काढली असतीस, मुलीला साधी चांदणी शिकवली नाही म्हणून.

आपल्या दोन गोळ्यांत चांगली कुठली, हे तू डॉक्टरांना किती वेळा विचारलंस! त्या भल्या माणसाने एकदाही टोलवाटोलवी केली नाही. ते म्हणायचे, दोन्ही फॉस्फरस उतरवतात. कॅल्शियमच्या गोळीने रक्तवाहिन्या कडक होण्याची भीती जास्त, तुमच्या दोघींच्या गोळ्यांत ती कमी. पण फॉस्फरस उतरवला म्हणून माणूस जास्त जगतो, असं अजून कुणी छातीठोक दाखवलेलं नाही. आणि मग, "अम्मा, सबसे अच्छी गोली वो है जो खाने के साथ पेट में जाए." तुला हे उत्तर अजिबात पटायचं नाही. "असं कसं? दोन गोष्टींत एक चांगली असतेच." तुला निकाल हवा होता. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू.

म्हणून तू ती युक्ती काढलीस. दोघींनी एकसारखं जेवायचं, म्हणजे फरक पडला तर तो गोळीचाच. मधले काही दिवस सोडले तर रोज सकाळी तुझा फोन. "आज दुधी, मुगाची डाळ पातळ, एक पोळी, ताक नाही." मी पहाडगंजमध्ये दुधी आणायला पळायचे. तिथे तुला पाहिजे तो दुधी मिळायचा नाही आणि मी खोटंच सांगायचे की मिळाला. पण खात होते तेच. माझी मुलगी म्हणायची, "ये सुमन आंटी हमारा मेन्यू क्यों डिसाइड करती हैं?" महिनाअखेर रक्त दिलं, रिपोर्ट आले. माझा फॉस्फरस उतरला होता, तुझा चढला होता.

मी किती नाचले! पडल्या पडल्या जेवढं नाचता येतं तेवढं. माझी चांदण्यांची गोळी जिंकली होती. तू माझ्याशी पूर्ण डायलिसिसभर बोलली नाहीस. डॉक्टरांनी तुझ्या गोळ्या वाढवल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. डॉक्टर चक्रावले. "अम्मा, बाहर का कुछ खाती हो?" तू देवाची शपथ घेतलीस. तू कधी खोटं बोलत नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मलाही काही समजेना.

मग तो श्रावणातला सोमवार आला. इथला श्रावण आपल्याकडच्यापेक्षा आधी सुरू होतो, तू वाद नको म्हणून दोन्हीकडचे सोमवार धरायचीस. त्याशिवाय तुझ्या एकादश्या, चतुर्थ्या आणि मधूनच लागणारा गुरुवार. मी तुझ्या घरी आले होते. तू मला पान वाढलंस, दुधी, भात, पातळ डाळ, ठरल्याप्रमाणे. आणि स्वतः समोर बसून वरीचे तांदूळ, वर दाण्याची आमटी, बाजूला बटाट्याची भाजी आणि वाटीभर दही. मी जेवता जेवता माझी गोळी चावली. तू काही काढली नाहीस.

मी विचारलं, "तुझी गोळी?"

"आज उपवास आहे ना."

"मग हे काय आहे?"

"फराळ."

"आणि गोळी?"

"अगं, गोळी जेवणाबरोबर घ्यायची. आज मी जेवणारच नाही तर गोळी कशाला घेऊ?"

सुमे, तू खोटं बोलत नव्हतीस. तू जेवत नव्हतीसच. म्हणून तर अशा दिवशी सकाळी तुझा फोनही यायचा नाही. जेवणच नाही तर मेन्यू काय सांगायचा? आठवड्यातले कितीतरी दिवस तू दाणे, दही, साबुदाणा, दुधातला राजगिरा असं फॉस्फरसचं भांडार पोटात घालत होतीस आणि त्याच दिवशी गोळी कपाटात. डॉक्टर गोळ्या वाढवत होते, आणि आपण दोघी गोळीला नावं ठेवत होतो.

मी हसत सुटले. मला आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. "अरे यार सुमे, हद्द झाली! तुझ्या फॉस्फरसला कुणी सांगितलंय का, की आज सोमवार आहे म्हणून? दाण्याच्या कुटात तो बसलाय, फराळ म्हण नाहीतर जेवण म्हण!" मी बोलतच सुटले. अरविंदराव दारात उभे होते, तेही हसले. तू हसली नाहीस. तू शांतपणे ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "तुला काय कळणार आमच्यातलं."

आमच्यातलं. हा शब्द मी इतके दिवस चघळते आहे. तू कधी असं बोलली नव्हतीस. तुझ्या घरी गणपतीत मी आरतीला टाळ्या वाजवल्या आहेत, माझ्या घरी तू ख्रिस्ताच्या चित्राला उदबत्ती लावू का म्हणून विचारलं आहेस. मी ताट तसंच ठेवून उठले. लिफ्ट नसल्याने तिन्ही जिने उतरले आणि उतरताना मनात तुला देण्याची सगळी उत्तरं तयार केली. मला कसं कळत नाही? आमच्यातही उपवासकाळ असतो. माझी आई त्या दिवसांत चहा सोडायची आणि बाबांना सकाळ-संध्याकाळ त्याची झळ लागायची. एखादी गोष्ट देवासाठी सोडली की माणूस तिच्याकडे कसा बघतो, हे मला चांगलं कळतं. हे सगळं तुला सांगायचं राहिलं. तेव्हा सांगितलं असतं तर भांडण आणखी वाढलं असतं, तेही खरं.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. सकाळचे फोन बंद. आलीस की पिशवी ठेवायचीस, सिस्टरशी दोन शब्द आणि मग भिंतीकडे तोंड करून चादर ओढून घ्यायचीस. मीही काही कमी नाही. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे. तुझी पाठ बघत बघत मी किती तास काढले, माझं मला माहीत. कधी कधी चादरीखाली तुझे खांदे हलायचे. मला वाटायचं, रडते आहे. एकदा हाक मारावीशी वाटली. मग वाटलं, नको, बोलली ती, तिनेच आधी बोलावं.

मग श्रावणातला शेवटचा सोमवार झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता तुला सांगते, मंगळवारपासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तू माझ्यावर रागावून गेलीस का? बाकी मला काही नको. तू गेलीस हेच मला अजून पटत नाही, पण त्याच्याशी मी पुढे कधी भांडेन. मुलगी समजावते, "मम्मा, दोस्तों में होता है." होतं गं होतं. पण नंतर मिटतंही. आपलं मिटायच्या आधीच तू उठून गेलीस.

गुरुवारी सकाळी मी तुझा नंबर लावला. कशाला ते विचारू नकोस. इतके दिवस लावला नव्हता आणि त्या दिवशी बोटांनी आपणहून लावला. अरविंदरावांनी उचलला. त्यांना माझं नाव दिसलं असणार. ते म्हणाले, "शीलाताई, या तुम्ही घरी. मला तुमच्याशी बोलायचंय." मला वाटलं, तू काहीतरी बोलून गेली असशील माझ्याबद्दल.

त्याच दिवशी, म्हणजे काल, डायलिसिस आटोपून गेले. तुमच्याकडे सुतक, शेजारणीने पिठलं-भाताचा डबा आणून ठेवलेला. या वर्षी तुमच्याकडे गणपती नाही, मखराची खोकी बाल्कनीत तशीच बांधलेली. तुझी चप्पल दाराशीच होती, कुणी उचलली नव्हती. तुझा मुलगा निखिल ऑफिसच्या फोनवर कुणाला तरी हळू आवाजात रजेचं सांगत होता. अरविंदराव मला आतल्या खोलीत घेऊन बसले. मी धीर करून विचारूनच टाकलं, "सुमन माझ्यावर फार चिडली होती का हो?"

ते म्हणाले, "चिडली होती की. दोन दिवस. तुम्हाला आमच्यातलं वगैरे बोलली त्याचं तिलाच वाईट वाटत होतं, त्याचा राग तुमच्यावर काढत होती. मग तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, शीलाचं बरोबर आहे. पण आत्ता कबूल केलं तर ती माझ्या डोक्यावर बसेल."

ते पुढे सांगू लागले.

"त्यानंतर प्रत्येक उपवासाला गोळ्या घेत होती. फराळाचं पान घ्यायची, देवापुढे हात जोडायची, म्हणायची, माफ कर, तुझ्यासाठीच जगायचंय म्हणून घेते. आणि मग गिळायची. मला सक्त ताकीद होती, शीलाला सांगायचं नाही. म्हणायची, या महिन्याचा रिपोर्ट येऊ द्या. खाली आला तर मीच तिला सांगेन, तू जिंकलीस म्हणून, आणि वर आला तर बघाच तिला कशी सोलते."

"पण ती तर माझ्याकडे पाठ करून झोपायची," मी म्हटलं.

"हसू यायचं तिला," अरविंदराव म्हणाले. "तुमचं फुगलेलं तोंड बघितलं की तिला आवरायचं नाही. घरी येऊन मला नक्कल करून दाखवायची."

सुमे, तू हसत होतीस. चादरीखाली खांदे हलत होते आणि तू हसत होतीस. मी तिथे, तुझ्या खोलीत, तुझ्या नवऱ्यासमोर अशी रडले की निखिल फोन ठेवून धावत आला. एवढं मोठं ओझं उतरलं होतं आणि उतरताना ते सगळं अंगावर पडलं होतं. मला तुझा राग आला, तुझे पाय धरावेसे वाटले, तुला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. असं कुणी करतं का गं? इतके दिवस मला जळत ठेवलंस आणि ज्या दिवशी सांगायचं त्या दिवशी निघून गेलीस.

थोड्या वेळाने अरविंदरावांनी तुझा मोबाईल माझ्यापुढे धरला. शनिवारी तू रक्त दिलं होतंस, तो रिपोर्ट आला होता. मंगळवारीच आला होता म्हणे, सगळी धावपळ चालू असताना. त्यांनी उघडला होता, पण त्यांना त्यातलं काही उमजत नव्हतं, आणि निखिलला विचारायचं धाडस होत नव्हतं. "तुम्ही बघता का?" ते म्हणाले. "फॉस्फरसचं तेवढं. खाली आलं का?"

त्यांचा आवाज असा होता की मला नाही म्हणवेना. मी चष्मा पुसला आणि खाली खाली सरकवत ती ओळ शोधली. सात पॉइंट दोन. मागच्या महिन्यात सहा पॉइंट आठ होता, मला तो पाठ आहे, मी त्यावर किती चिडवलं होतं तुला.

वर गेला होता.

मी मोबाईल हातात धरून बसले. एका महिन्याने काही ठरत नाही, हे मला माहीत आहे. हाडातूनही फॉस्फरस रक्तात उतरतो, दोन श्रावणांचे सोमवार, त्यात दाण्यापुढे तुझ्या गोळ्यांचं प्रमाण कमी पडलं असेल, डॉक्टर अशी दहा कारणं सांगतील. पण त्या क्षणी मला फक्त अरविंदराव दिसत होते. बायकोने शेवटचे दिवस देवाची माफी मागून गोळ्या गिळल्या, त्याचं काहीतरी चीज झालं, एवढं त्यांना ऐकायचं होतं. ‘आलं खाली’ म्हणणं किती सोपं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

पण सुमे, तू कधी खोटं बोलली नाहीस आणि हा निकाल तुझा होता. तो मी कसा फिरवू?

"नाही," मी म्हटलं. "वाढलाय."

आणि, तू गेल्यापासून पहिल्यांदाच असणार, अरविंदराव मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले. "म्हणजे मंगळवारी तुमची काही खैर नव्हती, शीलाताई!"

नव्हतीच. तू पिशवी खुर्चीवर आपटली असतीस. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तू रिपोर्ट वाचून दाखवला असतास, रीना सिस्टरला साक्षीदार केलं असतंस, माझ्या हसण्याची, माझ्या अकलेची, माझ्या हिंदी-मराठीची अशी सालं काढली असतीस की चार तास कमी पडले असते. आणि मी, सुया टोचलेल्या हाताने, जागची न हलता, सगळं ऐकून घेतलं असतं.

उद्या शनिवार आहे. तुझ्या बेडवर आता कुणीतरी नवीन येईल, यादीत खूप लोक आहेत. मी जाईन, सुया टोचून घेईन. तू हरली नव्हतीस, सुमे, मी हरले. हे मी तुला मोठ्याने म्हणायला तयार आहे, पूर्ण हॉलसमोर, हिंदीत आणि मराठीत, आणि एक शब्द उलट बोलणार नाही. तू फक्त ये आणि सोल मला.